अभ्यास समजतो, पण सुरूच होत नाही: महाविद्यालयीन वर्षांतील अवधानन्यूनता

सूरसागरकाठ

नमस्कार. मी बडोद्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या श्रावणात, वयाच्या विसाव्या वर्षी, मला अवधानन्यूनता, म्हणजे हल्ली ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात ती, असल्याचे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले. तोपर्यंत चार विषयांत एटीकेटी लागली होती. या विषयावर मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतेक लहान मुलांविषयी असते: वर्गात जागेवर न बसणारा मुलगा आणि त्याचे हैराण झालेले आईवडील. ज्याचे दप्तर आता कोणी भरून देत नाही, त्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दिवस कसा चालवावा, हे कोणी लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

"लक्ष लागत नाही" एवढ्या शब्दांतून माझी अडचण पोहोचत नाही, म्हणून जे घडते ते जसेच्या तसे सांगतो. प्रयोगशाळेत मी रीडिंग वेळेवर घेतो. मोटरचा वेग आणि विद्युतप्रवाह यांचे आकडे झेरॉक्सच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर नीट उतरवतो आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतो. त्यापुढे जर्नल लिहायला जेमतेम दीड तास लागतो, हे मला पक्के ठाऊक असते. तो कागद आठवडाभर खिशातच राहतो. शर्ट धुवायला पडतो, कपडे भिजवण्याआधी आई खिसे चाचपते म्हणून कागद वाचतो आणि फ्रिजवर चुंबकाखाली जाऊन बसतो. येता-जाता मला तो दिसतो, दर वेळी छातीत धस्स होते आणि मी पुढे निघून जातो. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र बारा वाजल्यानंतर मी सहा प्रयोग एका बैठकीत लिहून काढतो, आणि अक्षरही चांगले येते. मग सगळे विचारतात की आज जमले तर रोज का जमत नाही. त्याचे उत्तर माझ्याकडे कधीच नव्हते.

बारावीपर्यंत निभावले, कारण सकाळी आई उठवत असे, शाळेची घंटा होती, संध्याकाळी क्लास होता आणि वही रोज तपासली जात असे. महाविद्यालयात हे सारे आधार एकदम सुटले. एका प्राध्यापकांनी साठ मुलांसमोर सांगितले की याला डोके आहे, नियत नाही. ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी दोन मिनिटांत वयाचा परिणाम म्हणून परत पाठवले आणि त्यात माझे एक वर्ष गेले. आता औषध सुरू आहे, थोडा फरकही आहे, परंतु औषधाने जर्नल आपोआप उघडले जात नाही. ज्यांनी ही वर्षे पार केली आहेत त्यांनी प्रत्यक्षात काय केले, हे कृपया लिहावे.

रावपुरा

बाळा, तुझे लिहिणे मनापासून वाचले. माझे वय ६८ आहे. तुला दुखवण्याचा हेतू नाही, तरी मनात आहे ते विचारतो. आमच्या काळी असे विद्यार्थी नव्हते का? होते, आणि त्यांना आम्ही धांदरट म्हणत असू. त्यातले काही पुढे सुधारले, काही शिक्षण सोडून दुकानात बसले. हा सगळा मोबाइलचा परिणाम नसेल कशावरून? आणि विसाव्या वर्षी मेंदूवर परिणाम करणारी गोळी सुरू करण्याची मला धास्ती वाटते. जाणकारांनी समजावून सांगितले तर मी ऐकायला तयार आहे.

विश्वामित्री

मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. काकांचे प्रश्न रास्त आहेत आणि अनेक घरांत ते मनातच राहतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मोबाइलच्या कितीतरी आधी हे वर्णन झालेले आहे. अलेक्झांडर क्रायटन या वैद्याने १७९८ मध्ये लक्ष एका जागी न ठरण्याच्या अवस्थेविषयी लिहिले होते, आणि १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या वैद्यांसमोर दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांची प्रकरणे मांडली होती. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत 'अवधानन्यूनता' हे नाव आले आणि १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे दिसते. मोबाइल ती निर्माण करत नाही, मात्र ज्याचे लक्ष आधीच निसरडे आहे त्याला तो अधिक घसरवतो, हेही तितकेच खरे आहे.

निदान कसे होते तेही सांगते, कारण आजकाल इंटरनेटवरची चार वाक्ये वाचून पुष्कळ मुले स्वतःला हे नाव लावून घेतात. २०१३ च्या निदानसंहितेनुसार अनवधानाची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ अशी लक्षणे आहेत. सतरा किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत यांपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे निदान सहा महिने असावी लागतात, त्यांतील काही बाराव्या वर्षापूर्वीपासून दिसलेली असावी लागतात आणि घर, महाविद्यालय, काम यांपैकी दोन ठिकाणी तरी त्यांचा जाच व्हावा लागतो. म्हणूनच आम्ही शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागवतो आणि आईवडिलांना भेटतो. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य आणि चिंताविकार यांतही लक्ष उडते, त्यामुळे ते आधी पाहावे लागते. दोन मिनिटांत "हे वयाचे आहे" म्हणणे जितके चूक, तितकेच दोन मिनिटांत "तुला एडीएचडी आहे" म्हणणेही चूक.

आता मूळ प्रश्न, की आज जमते तर रोज का नाही. दूरचे फळ आणि दूरची शिक्षा ही प्रत्येक माणसाला जवळच्यापेक्षा फिकी वाटतात, पण या मेंदूत ती फारच लवकर फिकी पडतात. गुरुवारचे सबमिशन सोमवारी जवळजवळ अस्तित्वातच नसते, आणि बुधवारी रात्री बारा वाजता ते अंगावर येते, तेव्हा मेंदू एकदम कामाला लागतो. समजण्यात कसूर नसते. समजलेली गोष्ट ज्या क्षणी करायची, त्या क्षणी ती हाताशी येत नाही. यात नियत खरी की खोटी, हा प्रश्नच येत नाही. सूरसागरकाठ, तुम्हाला जे काही उपाय सांगितले जातील त्यांना एकच कसोटी लावा: त्याने दूरचे काम आजच्या दिवसात, डोळ्यांसमोर येते का?

औषधाविषयी काकांना सांगते. आपल्याकडे मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही दोन दिली जातात. पहिल्याचा परिणाम तासाभरात जाणवतो आणि त्याच दिवशी ओसरतो. दुसऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. भूक मंदावणे, झोप लांबणे, नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढणे हे परिणाम होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला वजन, नाडी आणि रक्तदाब मोजत राहावे लागते. मिथाइलफेनिडेट आपल्या कायद्यात 'एक्स' परिशिष्टात आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत असल्यामुळे ते प्रत्येक दुकानात मिळतही नाही. नेमके विसरणाऱ्या माणसालाच ही धावपळ करावी लागते, म्हणून गोळ्या संपण्याच्या दहा दिवस आधीची तारीख घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

कारेलीबाग

एक प्रश्न आहे. आमच्या वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री काही जण मित्राच्या या गोळ्या घेतात आणि अभ्यास चांगला होतो असे सांगतात. त्यात धोका आहे का?

विश्वामित्री

होय, आहे. हृदयाचा काही दोष असेल तर तो त्या मुलाला ठाऊकही नसतो, त्याची तपासणी कोणी केलेली नसते, आणि जागरणासोबत घेतलेली गोळी त्याला आणखी जागवते. शिवाय देणाऱ्या मित्राच्या महिन्यातील तेवढे दिवस औषधाविना जातात आणि हे औषध दुसऱ्याला देणे कायद्यानेही गुन्हा ठरते. कृपया थांबवा.

प्रतापगंज

मला बाविसाव्या वर्षी कळले, एम.ए.च्या पहिल्या वर्षात. मी कधीच दंगेखोर नव्हते. चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी "हुशार आहे, पण तंद्रीत असते" असा शेरा लिहिला होता, आणि तोच शेरा निदानाच्या वेळी माझ्या कामी आला. मुलींच्या बाबतीत हे फार होते. खिडकीतून बाहेर पाहत शांत बसणाऱ्या मुलीचा कोणालाच त्रास नसतो, म्हणून तिच्याकडे कोणी पाहतही नाही.

मी जे केले ते लिहिते. विश्वामित्रीताईंनी सांगितलेली कसोटी मला तेव्हा माहीत नव्हती, पण जे टिकले ते सगळे तिच्यात बसते.

हंसा मेहता ग्रंथालयात मी आणि एक मैत्रीण रोज सकाळी दहाला समोरासमोर बसू लागलो. तिला ही अडचण नाही, तिचा विषयही वेगळा आहे. बसताना दोघींनी मोठ्याने सांगायचे की अकरापर्यंत काय करणार, आणि मग मोबाइलची अदलाबदल करायची, म्हणजे माझा तिच्या पिशवीत आणि तिचा माझ्या. अकरा वाजता लिहिलेली पाने एकमेकींना दाखवायची. ती माझे काही तपासत नसे, नुसती समोर असे. तरीही एकटीने खोलीत चार तासांत जे होत नसे ते त्या एका तासात होत असे. अशा सोबतीचा अनेकांना उपयोग होतो असे मला नंतर समुपदेशकांनी सांगितले, पण तोवर मला ती स्वतःची दुर्बलता वाटत होती आणि मी मैत्रिणीलाही खरे कारण सांगितले नव्हते.

दुसरे, वहीत काम लिहिण्याची माझी पद्धत बदलली. पूर्वी मी "निबंध पूर्ण करणे" असे लिहीत असे, आणि ते वाक्य पाहूनच वही मिटत असे. आता मी हाताची पहिली हालचाल लिहिते: "निळी फाइल काढून तिसऱ्या पानावर प्रकरणाचे शीर्षक लिहिणे." ते करायला अर्धे मिनिट लागते, आणि दहापैकी सहा-सात वेळा हात पुढे चालू राहतो. उरलेल्या वेळी राहत नाही, ते मी मान्य केले आहे. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत सगळे सुचवतात, पण मला ती मानवली नाही, कारण सूर लागायलाच मला वीस मिनिटे लागतात आणि मग घंटा वाजते. मी पन्नास मिनिटे बसते. टेबलावर काट्यांचे घड्याळ ठेवते, कारण मोबाइलवरचे आकडे मला वेळ किती उरला ते दाखवत नाहीत आणि काट्यांमधली जागा दाखवते.

औषधाबाबत एक घरगुती गोष्ट. माझा दुपारचा डबा भरलेलाच परत येऊ लागला आणि दोन महिन्यांत वजन साडेतीन किलोंनी उतरले. आईने मग गोळीच्या आधी पोटभर पोहे किंवा थालीपीठ खायचे असा नियम केला, आणि रात्री भूक उघडते तेव्हा पूर्ण जेवण. डॉक्टरांनीही तेच सांगितले.

आणि नवरात्र. बडोद्यात राहून गरब्याला जाऊ नये असे मी कोणालाही सांगणार नाही. पण नऊच्या नऊ रात्री दीड-दोनला घरी येऊन सकाळी आठचे तास करणे इतरांना जड जाते, तर आम्हाला ते पुढचे तीन आठवडे भोवते, आणि अंतर्गत परीक्षा त्याच सुमारास येतात. पहिल्या वर्षी माझी घडी अशी विस्कटली की दिवाळीपर्यंत बसली नाही. आता मी चार रात्री आधीच ठरवते, त्याही एकाआड एक, आणि सोबतच्या मुलींना ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे आयत्या वेळी कोणी ओढून नेत नाही.

मांजलपूर

मी विद्यार्थी नाही, एका विद्यार्थ्याचा बाप आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.ला.

आमच्या घरात दोन वर्षे एकच वाक्य चालले: "किती वेळा सांगायचे?" मी ते दारात उभा राहून म्हणत असे आणि तो मान खाली घालून चपला शोधत असे. ओळखपत्र, चावी, पाकीट यांतले एक रोज हरवलेले असायचे. निदान झाल्यावर समुपदेशकांनी आम्हाला ऐकवले की दहा वेळा सांगण्याने त्याची स्मरणशक्ती वाढणार नाही, फक्त तुमचा आवाज वाढेल. त्यांच्या सांगण्यावरून दाराच्या चौकटीशेजारी तीन खिळे ठोकले. घरात पाऊल टाकताच, चपला काढण्याआधी, तिन्ही वस्तू तिथे अडकवायच्या. पहिला महिनाभर मीही माझी चावी तिथेच अडकवली, म्हणजे हा नियम त्याच्यापुरता वाटू नये. आता मी त्याला दिवसभर काही आठवण करत नाही. रात्री आठ वाजता जेवणाआधी एकदाच विचारतो, "उद्याची चिठ्ठी कुठे आहे?" तो दाखवतो. कधी नसते, मग तिथेच बसून लिहितो. फी भरण्याची आणि फॉर्म भरण्याची शेवटची तारीख मात्र मी माझ्याकडे ठेवली आहे, कारण तिथली चूक सुधारायला पुढचे वर्ष लागते.

आणखी एक सांगायचे आहे. मुलाच्या तपासणीत त्यांनी माझ्याही बालपणाचे प्रश्न विचारले. उत्तरे देता देता मी गप्प झालो. सोडलेल्या तीन नोकऱ्या, भरायची राहिलेली बिले, अर्ध्यावर टाकलेला वकिलीचा अभ्यास. एक्कावन्नाव्या वर्षी माझेही निदान झाले. इतकी वर्षे मुलाच्या वागण्याचा दोष आमच्या घरात त्याच्या आईच्या संगोपनाला दिला गेला. माझ्या आईने दिला, मीही दिला. मुलाच्या आईची मी माफी मागितली आहे, पण ते कित्येक वर्षे उशिरा झाले.

सूरसागरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मांजलपूरकाका, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला.

प्रतापगंजताईंचे वाचून मी सोबत शोधली. मित्र दूर राहतात, म्हणून आजीला विचारले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात मागच्या खोलीत ती संध्याकाळी पाच वाजता मेथी किंवा गवार निवडायला बसते. मी तिच्यासमोर पाट घेऊन जर्नल उघडतो. ती विचारते, "आज काय?" मी सांगतो, "तिसऱ्या प्रयोगाचा तक्ता." तिला तक्ता म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि ती पुढे बोलतही नाही. मेथीची काडी मोडल्याचा बारीक आवाज येत राहतो. मी मध्येच उठू लागलो तर ती मान वर न करता म्हणते, "माझी जुडी संपली नाही अजून." दोन आठवड्यांत नऊ दिवस बसलो. सहाव्या दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि नंतरचे तीन दिवस पूर्ण वाया गेले, पण दहाव्या दिवशी पुन्हा बसलो. पूर्वी एकदा खंड पडला की मी ते सोडूनच देत असे.

आता प्रश्न असा आहे की प्राध्यापकांना सांगावे का. ज्यांनी वर्गात तसे म्हटले त्यांच्याकडेच यंदा दोन विषय आहेत.

खंडेराव_मार्केट

मी बावीस वर्षे महाविद्यालयात शिकवत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. सांगावे, पण वर्गानंतरच्या घाईत नाही आणि निकाल लागल्यावर तर नाहीच. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात वेळ मागून घ्यावी, डॉक्टरांचे एका परिच्छेदाचे पत्र सोबत असावे आणि मागणी नेमकी असावी. "मला समजून घ्या" असे म्हटले तर शिक्षकाला काय करावे ते कळत नाही. "सहा प्रयोगांचे जर्नल एकदम न देता दर शनिवारी एक दाखवले तर चालेल का?" असे विचारले तर बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यात त्यांचे काही जात नाही. मी स्वतः दोन विद्यार्थ्यांना अशी मुभा दिली आणि नंतर ती सगळ्या वर्गालाच दिली.

कायद्याच्या बाजूने फार आशा लावू नये, हे दुःखाने सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे परीक्षेत जादा वेळेचा हक्क केवळ या निदानावर सहसा मिळत नाही. वाचन-लेखनाची वेगळी अक्षमताही सोबत असेल, आणि पुष्कळदा ती असते, तर तिची तपासणी अवश्य करून घ्यावी. ज्या प्राध्यापकांनी वर्गात तसे म्हटले त्यांच्याकडे एकटे जाणे जड वाटत असेल तर विभागप्रमुखांकडे आधी जावे. त्यांचे ते बोलणे चुकीचेच होते.

रावपुरा

विश्वामित्रीताई, आपण वेळ काढून लिहिलेत. औषधाविषयीची माझी धास्ती पूर्ण गेली असे म्हणणार नाही, परंतु मोबाइलचे म्हणणे मी मागे घेतो. माझा धाकटा भाऊ तरुणपणी कॉलेज अर्धवट सोडून घरी आला. त्याला वडिलांनी काय काय ऐकवले ते मला आठवते, आणि मीही त्यात होतो. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाची ऐपत बेताची आहे, मुलगी पहिल्या वर्षाला आहे. खासगी डॉक्टर परवडणार नाहीत. त्यांनी कुठे जावे?

विश्वामित्री

काका, सयाजी रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे न्यावे. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके असतील तेवढी सोबत घ्यावीत आणि शक्य तर तिला लहानपणापासून पाहणारे घरातील एक मोठे माणूसही. घरातून निघण्याआधी कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६. फोनवर निदान होत नाही, पण पुढे कुठे जावे ते सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेत हे उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे, उपकार नाही, हे त्या कुटुंबाला जरूर सांगा.

सूरसागरकाठ

विभागप्रमुखांना भेटलो. पत्र दाखवले आणि शनिवारचे विचारले. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि दोन्ही विषयांसाठी होकार दिला. त्या प्राध्यापकांशी ते स्वतः बोलणार आहेत. पहिल्या शनिवारचा प्रयोग लिहून झाला आहे, आकृतीला नावे द्यायची राहिली आहेत, ती आज पाच वाजता.

एक वेगळी अडचण विचारतो. तोंडी परीक्षेत परीक्षकांचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच माझ्या तोंडून उत्तर बाहेर पडते, आणि पुष्कळदा ते भलत्याच प्रश्नाचे असते. ही सवय कोणी आवरली असेल तर कशी आवरली, ते लिहाल का? परीक्षा १२ तारखेला आहे.